भेग आहे का रेघ?

...नाही, मी काय म्हणतो, चौतीस वर्षं. एक नाही, दोन नाही, चौतीस वर्षं ज्या माणसानं अजनीच्या यार्डात उन्हातान्हात रेल्वेची चाकं ठोकली, त्याच माणसाले त्याच्याच घरात एका सायकलच्या चाकापाई सगळ्यांनी मिळून येडं ठरवावं, हे कोणत्या शास्त्रात बसते, सांगा तुम्ही मले. अन् 'जाऊ द्या जी रुपरावजी, झालं ते झालं' असं सांगू नका. काहून जाऊ देऊ? मी काय कोणाचं वाईट चिंतलं होतं? भेग आहे का रेघ आहे, येवढंच तं पाहाचं होतं.

बसा, बसा. चहा येऊन राहिला. पहिल्यापासून सांगतो, मंग तुम्हीच निकाल द्या.

भूमिका माही पोरगी. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाले आहे. कॉलेजले जायले मी म्हटलं मोपेड घेऊन देतो, तं नाही म्हणे, सायकल पाहिजे. अन् सायकल म्हणजे आपल्या वेळची ते काळी, मागं कॅरियर, पुढं डायनामो, तशी नाही. रेसिंगची सायकल. एका पोराकडून सेकंडहँड आणली. हलकी येवढी का माही बायको एका हातानं उचलते अन् दुसऱ्या हातानं अंगण झाडते. टायर पाहाल तं अंगठ्यायेवढं. मडगार्ड नाही, स्टँड नाही, घंटी नाही. मी म्हटलं वं पोरी, त्या पोरानं अर्धी सायकल तं घरीच ठेवून घेतली! तं हसते. म्हणे बाबा, अशीच असते.

आता इकडं आपल्या बेसा भागात, बेशात, या पोरापोरींचा एक ग्रुप आहे सायकलवाल्यांचा. दर रविवारी सकाळी उठतात अन् निघतात. कुठी? कुठीच नाही. जातात अन् वापस येतात. तं दसरा झाला गुरुवारी, अन् रविवारी यांचं ठरलं खाप्याले जायचं. कन्हानच्या काठावर बसून नाश्ता कराचा अन् घरी याचं. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर. मी म्हटलं, बेशात पोहे मिळत नाही का?

पण पोरगी शहाणी आहे, हे मी म्हणनच. शनिवारी सकाळी माह्यासमोर सायकल उभी केली अन् म्हणते, "बाबा, सायकल जुनी आहे, मागच्या चाकावर सगळं वजन येते. रिम पाहून द्या न जरा. स्पोक जिथून निघतात न, तिथं कधी कधी बारीक भेगा पडतात म्हणे. तुम्ही हो म्हटलं तरच मी जाईन."

तुम्हाले सांगतो, रिटायर होऊन मले तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत 'दळण आणून द्या' म्हणणारे भेटले, 'सिलेंडरचा नंबर लावून द्या' म्हणणारे भेटले, 'जरा तिकडं सरका, पोछा मारून राहिली' म्हणणारी तं रोजच भेटते. पण 'पाहून द्या' कोणी म्हटलं नव्हतं. माह्या डोळ्यात पाणी आलं. खोटं काहून सांगू?

कारण माहं कामच ते होतं न. गाडी यार्डात लागली का हातोडी घेऊन डब्याखालून, डब्याबाजूनं चालत जायचं अन् एकेक चाक ठोकत जायचं. टण्ण केलं तं पास. ठस्स केलं तं डबा बाजूले. बिघडलेल्या डब्याले आमच्या भाषेत 'सिक' म्हणतात. खडूनं फुली मारायची, सिक लिहायचं, का मोठा साहेब आला तरी तो डबा हलत नाही. अन् दुसरी खूण डोळ्याची. लोखंडाले भेग गेली का आत पाणी शिरते, गंज धरते, अन् त्या भेगेतून बारीक तांबडी रेघ बाहेर येते. तांबडी रेघ दिसली का भेग समजायची. हे मले पहिल्याच दिवशी शिकवलं अन् मी चौतीस वर्षं जपलं. माह्या हातून सुटलेल्या एकाही चाकानं मले कधी खाली पाहायले लावलं नाही. रिटायर झालो तं सोबतच्यांनी तेच हातोडी पॉलिश करून भेट दिली. ते पाहा, भिंतीवर. तिच्यावरचा लाल टिळा आत्ता पाहू नका, त्याचं नंतर सांगतो.

तं अंगणात सायकल उलटी केली. चष्मा लावला. टॉर्च घेतली. खडू घेतला. भोकं मोजली, बत्तीस. भेग आहे का रेघ आहे, येवढंच तं पाहाचं होतं. पहिलं भोक साफ. दुसरं साफ. तिसरं, चौथं साफ. पाचव्या भोकाशी आलो अन् हात थांबला. स्पोकच्या मुळाशी, भोकाच्या कडेले, बारीक, केसायेवढी... तांबडी रेघ.

मी म्हटलं एखादी असन. पुढं गेलो तं आठव्याले. मंग नवव्याले. बत्तीस भोकं होईपर्यंत अकरा! अकरा तांबड्या रेघा, अन् हे पोरगी याच चाकावर बसून शंभर किलोमीटर जाऊन राहिली. मले समोर अंगण दिसे ना. मले दिसे खाप्याच्या रस्त्याचा उतार, मागून ट्रक येऊन राहिला, अन् रिम फाटून राहिली. भेव वाटलं मले, सरळ सांगतो. लगेच अकराही ठिकाणी फुल्या मारल्या अन् सीटच्या बाजूले मोठ्या अक्षरात लिहिलं, सिक.

तेवढ्यात शोभा, माही बायको, बाहेर आली. "अजी, दसऱ्याची पूजा केलेली गाडी अशी उलटी कायले केली? अन् त्या चाकाले मी—"

मी म्हटलं, "तू यात बोलू नको वं, हे टेक्निकल आहे."

गेली आत. आता याच्यात माही काय चूक झाली? टेक्निकलच होतं न ते.

भूमिका आली, सीटवरचं वाचलं, अन् तोंड येवढंसं झालं तिचं. "बाबा, काल तं काहीच नव्हतं." मी म्हटलं, काल तू पाहिलं, आज मी पाहिलं. "सगळ्यांनी नावं दिली बाबा, मी नाही गेली तं—" मी म्हटलं नाव राहते वं पोरी, पडली तं मान राहत नाही. रागावली का दुःखी झाली कोणास ठाऊक, पण तिनं फोन लावला ऋषिकेशले.

हा ऋषिकेश म्हणजे त्या ग्रुपचा कॅप्टन. दहा मिनिटात हजर. डोक्यावर टरबुजाच्या फोडीसारखं हेल्मेट, खाली इतकी घट्ट चड्डी का मीच दुसरीकडं पाहून बोललो. त्यानं खिशातून मोबाईल काढला, भोकांचे फोटो काढले, दोन बोटानं मोठे केले, अन् म्हणते कसा, "काका, रिम अल्युमिनियमची आहे. अल्युमिनियम असं तांबडं गंजत नाही."

आता बोला. मी म्हटलं, "मंग हे तांबडं काय आहे?"

"काही प्रॉब्लेम नाही काका. कॉस्मेटिक असन."

कॉस्मेटिक! मी म्हटलं, "म्हणजे काय रे बाबू, रिमनं लिपस्टिक लावली का?"

तो हसला अन् त्यानं ते फोटो ग्रुपवर टाकले. तुम्हाले सांगतो, पाच मिनिटात त्रेचाळीस उत्तरं आली. एक म्हणे रिम फेकून द्या. एक म्हणे माही अशीच आहे, दोन वर्षं चालून राहिली. एकानं सुप्रभात म्हणून गुलाब पाठवला. अन् एकजण विचारते, त्या पांढऱ्या फुल्यांची डिझाईन कोणत्या कंपनीची आहे, मले बी पाहिजे. अरे, भेग आहे का रेघ आहे, येवढंच तं विचारलं होतं! त्रेचाळीसपैकी एकानं तं सरळ सांगाव.

मंग मी म्हटलं, आता आपलं हत्यार काढाव. भिंतीवरून हातोडी उतरवली. भूमिका ओरडली, "बाबा, नाही!" मी म्हटलं हळू मारतो वं, फक्त आवाज घेतो. मारली. टिक. दुसऱ्या ठिकाणी मारली. टिक. फुलीवर मारली, टिक. बिनाफुलीवर मारली, टिक. चौतीस वर्षं टण्ण अन् ठस्स ऐकलेल्या कानाले टिकमधलं काय कळते? मी कान जवळ नेऊन टिक, टिक, टिक करून राहिलो, तं कंपाउंडच्या फाटकातून बाजूच्या कुसुमताई आल्या. हात जोडलेले, डोक्यावर पदर. म्हणे, "आरती सुरू झाली का जी?"

भूमिकानं माह्या हातातून हातोडी घेतली. अन् शोभा पुन्हा दारात. "अहो, ऐकता का, त्या तारांच्या मुळाशी—" मी म्हटलं, "शोभा, पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे, तू मधात-मधात नको बोलू." पुन्हा गेली आत. हे दोनदा झालं हां. दोनदा. नंतर ते तीनदा म्हणून सांगून राहिली सगळ्याले, पण दोनदाच.

शेवटी ठरलं लहानूकडं जायचं. बेशाच्या चौकात निंबाच्या झाडाखाली लहानूचं दुकान आहे. माह्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा. सारी जिंदगी चाकांचे औट, म्हणजे वाकडेपण, काढण्यात गेली त्याची. चाक फिरवते, एक डोळा मिटते, अन् कोणता स्पोक ढिला ते बसल्या जागी सांगते. सायकल ऋषिकेशनं खांद्यावर घेतली, मागं मी, मागं भूमिका. कुसुमताईले काही काम नव्हतं म्हणून त्या आल्या. अन् शोभा पिशवी घेऊन निघाली, म्हणे मले सांभाराची जुडी आणायची आहे. अशी आमची वरात चौकात पोहोचली.

लहानूनं सीट वाचली. फुल्या पाहिल्या. मले विचारलं, "हे कोणं केलं गा?"

मी म्हटलं, "मीच केलं. भेग आहे का रेघ आहे, येवढं सांग."

त्यानं काही चष्मा लावला नाही, टॉर्च घेतली नाही. अंगठा जिभेले लावला, पहिल्या फुलीजवळच्या रेघेवर घासला, अंगठा नाकाजवळ नेला, वास घेतला. मंग डोळे मिटले, तोच अंगठा स्वतःच्या कपाळाले लावला, अन् चाकाले हात जोडले.

"रुपरावजी," म्हणे, "हे कुंकू आहे जी."

मंग शोभा बोलली. अन् कशी बोलली! "सकाळपासून मी तेच सांगून राहिली न? दसऱ्याले तुम्ही हँडलले कुंकू लावलं अन् सोनं वाटायले निघून गेले. पण रस्त्यावर फिरते काय, हँडल का चाक? पोरगी शंभर किलोमीटर जाते तं चाकाची पूजा नको? म्हणून मी बत्तीसही तारांच्या मुळाशी एकेक बोट टेकवलं. कोरडं टिकत नाही म्हणून खोबऱ्याच्या तेलात कालवलं. मंग या पोरीले लाज वाटली ग्रुपची, तिनं फडक्यानं पुसून काढलं, तिले वाटलं सगळं निघालं. जिथं निघालं तिथं निघालं, कोपऱ्याकापऱ्यात राहिलं. पण मले कोण विचारते? हे टेक्निकल आहे म्हणे."

तुम्हाले सांगतो, ऋषिकेश हसता हसता त्याच्या त्या चड्डीत दोन घड्या होऊन खाली बसला. कुसुमताई पदर तोंडाले लावून. भूमिकानं पाठ केली, पण तिचे खांदे हलून राहिले होते, मले दिसत होतं. मी काय म्हणू? माणूस हसला का हसू द्यावं. पण लाज वाटली. चौतीस वर्षं जपलेला डोळा, अन् त्याले बायकोचं कुंकू गंज दिसलं. घरी जाऊन ती हातोडी कपाटात ठेवून द्याव असं वाटलं, पार मागं, गाद्यांच्या मागं.

लहानू मातर हसला नाही. त्यानं रॉकेलची चिंधी घेतली अन् फुली-फुली पुसत गेला. पुसली, गेली. "ही रेघ," म्हणे. दुसरी पुसली, गेली. "ही बी रेघ." तिसरी, चौथी, आठवी, दहावी. रेघ, रेघ, रेघ. प्रत्येक रेघेले माहं तोंड येवढं येवढं लहान होऊन राहिलं. अन् अकरावी आली.

पुसली. गेली नाही.

पुन्हा पुसली. साबण लावला, पाणी टाकलं, कोरडी केली. गेली नाही. आता लहानूनं चष्मा लावला. नख घेतलं अन् रेघेवरून हळू आडवं ओढलं. नख अडकलं. मंग त्यानं चावी घेऊन तो स्पोक पाव फेरा कसला, अन् माह्या डोळ्यादेखत ती तांबडी रेघ एका केसानं रुंद झाली.

"ही भेग आहे," लहानू म्हणे.

सारं हसू बंद. लहानूनं समजावून सांगितलं. हे साखळीकडच्या बाजूचं भोक. पायडलचा सगळा जोर इकडच्या स्पोकवर येते, आधीच्या मालकानं ते भलतेच कसून ठेवलेले, भोकाचा काठ ताणून ताणून फाटाले लागला. ओरखडा असला तं कसाही आडवातिडवा जाते. भेग भोकाच्या काठातून निघते अन् रिमच्या अंगाअंगानं सरकते. "पण खरं सांगू," तो म्हणे, "ही भेग चांदीच्या रंगात चांदीची. बिना कुंकवाची मले बी दिसली नसती. तेल आत शिरलं, संग लाल घेऊन गेलं. वरचं पुसून निघालं, आतलं कसं निघन? पन्नास-साठ किलोमीटर चालली असती. मंग फाटली असती."

वापसीच्या रस्त्यावर. म्हणजे मले दिसला तोच उतार.

भूमिकाचं हसू कुठच्या कुठं गेलं. मी तिथंच लहानूच्या पेटीवर बसलो. पण बसल्या बसल्या मनात म्हटलं, अरे, म्हणजे मी बरोबर होतो! मी उठलो. मी म्हटलं, "पाहा. सांगितलं होतं का नाही? तांबडी रेघ म्हणजे भेग." अन् थांबलो. का आता कोणीतरी काहीतरी म्हणन.

लहानूनं हात जोडले. मले नाही. शोभाले. "मानलं वहिनी तुम्हाले." शोभा म्हणे, "माहं काय त्यात, अंबाबाईनं दाखवलं." कुसुमताईनं तिथल्या तिथं शोभाचे पाय धरले, वयानं मोठ्या असून. पोरगी मायच्या गळ्यात पडली. ऋषिकेश म्हणे, "काकू, तुम्ही ग्रेट आहे." मी आपला उभा, हातात खडू.

मी म्हटलं, "अन् मी?"

भूमिका म्हणते, "बाबा, तुम्ही अकरा सांगितल्या होत्या. निघाली एक. आमच्या कॉलेजात याले नापास म्हणतात."

आता हा न्याय आहे का? बत्तीस बोटं लावणारीले एक भेग सापडली तं ते देवी, अन् अकरा फुल्या मारणाऱ्याले तेच भेग सापडली तं तो नापास!

असो. लहानूकडं त्याच मापाचं एक चाक होतं, ते त्यानं संध्याकाळपर्यंत औट काढून बसवून दिलं. मी तिथून हललो नाही. घरी आणल्यावर त्याची बत्तीसही भोकं मी पाहिली. तीनदा. नखानं बी अन् डोळ्यानं बी. रविवारी सकाळी पोरगी निघाली, फाटकापाशी थांबली, अन् मले म्हणते, "बाबा, पाहिलं न तुम्ही?" हे मले विचारलं हां. मायले नाही. मी म्हटलं, पाहिलं. जा. अन् खाप्याहून 'पोहोचली' म्हणून फोन येईपर्यंत मी त्या फाटकापासून हललो नाही. शोभानं चहा तिथंच आणून दिला. अन् बाजूले उभी राहिली.

गोष्ट इथं संपाले पाहिजे होती, नाही? पण त्या ऋषिकेशनं लाल भेगेचा फोटो ग्रुपवर टाकला न. आता दर शनिवारी संध्याकाळी माह्या अंगणात बारा-पंधरा सायकली उलट्या ठेवलेल्या राहतात. शोभाकाकूची कुंकू-टेस्ट म्हणतात त्याले. शोभा डोक्यावर पदर घेऊन निघते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, भोकागणिक तेलकुंकवाचं एक बोट. वाटलं तं माह्या यार्डातली चाल पाहून घ्या, तशीच चालते. घरात उरलेलं कुंकू एक दिवस माह्या हातोडीले बी लावलं तिनं, म्हणे हत्यार आहे, राहू द्या. मागच्या शनिवारी ऋषिकेशच्या रिमवर मी स्वतः, माह्या डोळ्यानं, एक भेग ओळखली. म्हटलं बाबू, ही भेग आहे. तं म्हणते कसा, "काका, एकदा काकूले विचारून घ्याल का?"

घेतलं विचारून. करता काय. भेगच होती, पण ते तिनं सांगितल्यावर झाली.

चहा घ्या, थंडा होऊन राहिला. तुम्ही सायकलीनं आले का? मंग बाहेर उलटी करून ठेवा, आज शनिवारच आहे. मी येतोच... ऐकलं का, आवाज देऊन राहिली. हो वं, आलो! कुंकवाची वाटी माह्याजवळच आहे.